हाताला चाळा की वर्गात भाव?

ताई,

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, चौथीत. धाकटी दोन वर्षांची. गेल्या दीड-दोन महिन्यांपासून मुलाच्या वर्गात फिजेट खेळण्यांचं, म्हणजे हाताशी चाळत बसायच्या खेळण्यांचं, खूळ शिरलंय. आधी एकाने बुडबुडे दाबायचं पॉप-इट आणलं, मग बोटावर गरगर फिरणारे जुने स्पिनर कपाटांतून बाहेर आले, आता दाबले की हळूहळू फुगणारे स्क्विशी, जेलचे गोळे, क्यूब, साखळ्या, काय नि काय. मी सरळ नाही म्हटलं. घरात खेळण्यांचा ढीग आहे आणि अभ्यासाच्या नावाने बोंब. पण खोक्यावर 'एकाग्रता वाढवते, ताण घालवते' असं छापलेलं असतं, आणि नवरा म्हणतो, मग घेऊन टाकू ना, एवढं काय!

गेल्या आठवड्यात मुलगा रडत घरी आला. मावसभावाकडून दोन दिवसांसाठी आणलेला धातूचा स्पिनर त्याने मधल्या सुट्टीत एका स्क्विशीच्या बदल्यात देऊन टाकला. ते स्क्विशी शाळा सुटेपर्यंत फाटलं. समोरचा मुलगा आता स्पिनर परत द्यायला तयार नाही. म्हणतो, सौदा म्हणजे सौदा.

त्याच रात्री पालकांच्या ग्रुपवर एका बाबांनी 'ही खेळणी शाळेत पूर्ण बंद करावीत' असा अर्ज टाकला. अकरा वाजेपर्यंत दीडशे मेसेज. एका आईने लिहिलं, माझ्या मुलाला एडीएचडी आहे (लक्ष टिकत नाही, सतत चुळबूळ होते), थेरपिस्टनेच त्याला हातात धरायला एक वस्तू सुचवली आहे, तेवढी बंद करू नका. त्यावर कुणीतरी लिहिलं, 'हल्ली प्रत्येकाच्या मुलाला काही ना काही असतंच.' मी त्या मेसेजला अंगठा दिला. रागाच्या भरात दिला, ताई. पाच मिनिटांनी त्या बाई ग्रुपमधून बाहेर पडल्या.

आता अर्जावर माझी सही मागताहेत. करू? मुलाला एखादं खेळणं घेऊन देऊ की 'नाही'वर ठाम राहू? आणि याने खरंच लक्ष लागतं का हो?

एक गोंधळलेली आई

* * *

तुमचं पत्र आलं त्या संध्याकाळी मी शेजारच्या मुलीकडून तिचं पॉप-इट चार दिवसांच्या बोलीवर मागून आणलं. सात गुणिले सात, एकोणपन्नास बुडबुडे, एकही फाटलेला नाही, हे मला मोजून दाखवून मगच तिने ते हातात दिलं.

तळहाताहून थोडा मोठा असा सिलिकॉनचा चौकोन. अंगठ्याने बुडबुडा दाबला की टुप् होतं. ते कानापेक्षा बोटाला जास्त कळतं. सगळे दाबून झाले की चौकोन उलटा करायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. मी बहिणीशी फोनवर बोलत होते आणि पहिली दहा मिनिटं तिचं एक वाक्य धड ऐकलं नाही, कारण मी नक्षी पाडत बसले होते. आधी कडेचे बुडबुडे, मग आतले, मग तिरकी रांग. 'ऐकतेयस ना?' तिने दोनदा विचारलं. दुसऱ्या दिवशी तेच पॉप-इट टेबलाखाली मांडीवर ठेवून एक रटाळ ऑनलाइन बैठक ऐकली. डोळे पडद्यावर, खाली अंगठा आपला आपण चाललेला. बैठकीतलं बरंच लक्षात राहिलं, आणि अशा वेळी मी जी नखं कुरतडते ती शाबूत राहिली.

वस्तू तीच, बाई तीच. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला तिथेच मिळालं.

आपल्या भाषेत यासाठी फार नेमका शब्द आहे: चाळा. मन दुसऱ्या कामात असताना हात आपल्या आपण जे करत राहतो तो हाताला चाळा. पेनाचं बटण टकटक करणं, केसांची बट बोटाभोवती गुंडाळणं, वहीच्या मागच्या पानावर चौकोन रंगवणं. त्याचंच अनेकवचन केलं की होतात चाळे, आणि चाळे करणाऱ्याला धपाटा मिळतो. तुमच्या ग्रुपवरचं भांडण मला या एकवचन-अनेकवचनाचं वाटतं.

चाळ्याचा उपयोग होतो, याला आधार आहे. जॅकी अँड्रेड या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ. त्यांनी २००९ साली ४० जणांना मुद्दाम कंटाळवाणा असा एक फोनवरचा निरोप ऐकवला. निम्म्यांना ऐकता ऐकता कागदावरचे छापील आकार पेन्सिलने भरायला सांगितलं. नंतर अचानक विचारलं, काय काय आठवतंय? आकार भरणाऱ्यांना २९ टक्के जास्त आठवलं. हाताला फुटकळ काम मिळालं की मन फार लांब भटकायला जात नाही, असा त्याचा साधारण अर्थ. २०१५ साली फ्लोरिडातल्या संशोधकांनी ८ ते १२ वर्षांच्या मुलग्यांचं निरीक्षण केलं. एडीएचडी असलेली मुलं जितकी जास्त हलत-डुलत होती तितकं त्यांना डोक्यात माहिती धरून ठेवण्याचं काम चांगलं जमत होतं. एडीएचडी नसलेल्या मुलांचं मात्र उलट: जास्त हलली की काम बिघडत होतं. हे वाक्य ग्रुपवरच्या प्रत्येकाने दोनदा वाचावं असं मला वाटतं. 'माझ्या मुलाला तर याने काही फायदा झाला नाही' आणि 'माझ्या मुलाला याची गरज आहे' ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात.

पण स्पिनरची गोष्ट वेगळी. तो फिरताना बघावासा वाटतो, ती त्याची गंमत आणि तीच अडचण. एडीएचडी असलेल्या साधारण पाच वर्षांच्या ६० मुलांच्या वर्गात स्पिनर देऊन पाहिले. सुरुवातीला मुलं जागेवर जरा जास्त टिकली, पण शिकवण्याकडचं लक्ष कमी झालं. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. २०२० मध्ये दुसरा आला, कॉलेजच्या विद्यार्थ्यांवरचा: व्हिडिओवरचं व्याख्यान ऐकताना ज्यांच्या हातात स्पिनर होता त्यांना त्यातलं कमी आठवलं. स्पिनरचा उपयोग होतो असं आधीपासून मानणाऱ्यांचंही तेच झालं. म्हणजे 'मला तरी लक्ष लागल्यासारखं वाटतं' या म्हणण्यावर फार भिस्त ठेवता येत नाही.

म्हणून कसोटी सोपी आहे आणि ती घरीच घेता येते. मुलाला काहीतरी वाचून दाखवा, हातात ती वस्तू असू दे. डोळे तुमच्याकडे किंवा खिडकीबाहेर असतील आणि गोष्ट पुढे काय होईल ते तो विचारत असेल, तर तो चाळा आहे. डोळे हाताकडे गेले की ते खेळणं झालं. खेळणं वाईट नसतं, फक्त त्याला मधली सुट्टी हवी, गणिताचा तास नको.

आता खोक्यावरच्या 'एकाग्रता वाढवते'बद्दल. तुमच्या यजमानांना एक गोष्ट सांगा. हे पॉप-इट ज्यातून आलं तो बुडबुड्यांचा खेळ १९७५ साली इस्राएलमधल्या थिओ आणि ओरा कॉस्टर या जोडप्याने तयार केला. ओरा यांची बहीण स्तनाच्या कर्करोगाने गेली, त्यानंतर त्यांना पडलेल्या एका स्वप्नातून हे दाबायचे बुडबुडे सुचले. (थिओ हे शाळेत ॲन फ्रँकच्या वर्गात होते. याचा तुमच्या प्रश्नाशी संबंध नाही, पण मला सांगितल्याशिवाय राहवलं नाही.) तो होता दोघांनी खेळायचा डाव: आळीपाळीने बुडबुडे दाबायचे, शेवटचा ज्याला दाबावा लागेल तो हरला. कित्येक वर्षं त्याला कुणी हात लावला नाही, आणि २०२१ च्या सुमारास जगभर खूळ झालं ते एकट्याने टुप्-टुप् करत बसायचं. एकाग्रतेचं लेबल नंतर चिकटलं. स्पिनरच्या घराण्यातली एक वस्तू, धातूची, स्कॉट मॅकॉस्करी नावाच्या माणसाने २०१४ च्या सुमारास बनवली. लांबलेल्या बैठकांमध्ये हात शांत राहावेत म्हणून, स्वतःसाठी. त्यातून २०१७ च्या एप्रिल-मे महिन्यांत जे उसळलं ते शाळकरी मुलांनी उचललेलं खेळणं होतं. विक्रेत्यांनी त्याला औषधासारखी चिठ्ठी लावली, कारण नुसतं खेळणं म्हटलं की आई नाही म्हणते आणि अभ्यासाला उपयोगी म्हटलं की बाबा पाकीट काढतात.

तेव्हा घेतलंत तर खेळणं म्हणून घ्या. 'हे तुझ्या अभ्यासासाठी' असं म्हणून हातात दिलंत की पुढच्या चाचणीत गुण कमी पडल्यावर त्या बिचाऱ्या रबराच्या तुकड्याला जाब विचारला जाईल, आणि मुलालाही.

२०१७ साली मी शिकवत होते. महिन्याभरात माझ्या टेबलाच्या खणात जप्त केलेले सात स्पिनर जमले होते. प्रत्येकाला नावाची चिठ्ठी चिकटवलेली. एका दुपारी वर्ग रिकामा होता, मी वह्या तपासत होते, आणि कधी त्यातला निळा स्पिनर उचलून डाव्या हाताच्या अंगठ्यावर फिरवायला लागले ते मलाच कळलं नाही. दारात पाण्याची बाटली विसरलेला एक मुलगा उभा. त्याने माझ्याकडे पाहिलं, स्पिनरकडे पाहिलं, काही न बोलता बाटली उचलली आणि गेला. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला ठाऊक होतं की बाई स्पिनर फिरवतात. सांगायला गंमत वाटते, पण त्या आठवड्यापासून आमच्या वर्गात स्पिनर उतरणीला लागले. बाईंच्या हातात शोभणारी वस्तू पोरांना कशाला हवी! पुढे दोनेक महिन्यांनी सातपैकी तीन स्पिनर परत न्यायला कुणी आलंच नाही.

खुळं अशीच मरतात, बंदीने फारशी मरत नाहीत. बंदीने ती दप्तराच्या तळाशी जातात आणि तिथे त्यांचा भाव वाढतो. १९९६ नंतर तामागोची आली होती आठवतं? अंड्याएवढं यंत्र, आत एक पिल्लू, वेळेवर खाऊपिऊ घातलं नाही तर मरायचं. अनेक शाळांनी बंदी घातली, मग मुलांनी पिल्लू आईबाबांच्या गळ्यात मारलं आणि मोठी माणसं ऑफिसात बसून पिल्लाची शी साफ करत होती. तेही ओसरलं. २०१३-१४ मध्ये लूम बँडची रबरं, मनगटापासून कोपरापर्यंत. तीही गेली. वस्तू सगळ्यांकडे झाली की तिच्यावर भाव खाता येत नाही, आणि भाव खाता आला नाही की तिच्यात काय उरलं?

इथे मी तुमच्या मुलाकडे येते.

पत्रात तुम्ही त्याच्याबद्दल जे लिहिलंय त्यात तो चुळबूळ करतो, वर्गात लक्ष लागत नाही, शिक्षक तक्रार करतात, असं कुठेही नाही. आहे ते हे की त्याच्याकडे खेळणं नव्हतं, म्हणून त्याने मावसभावाचं आणलं, आणि दोन दिवसांत त्याचा सौदा केला. स्पिनर फिरवायला मिळावा एवढंच त्याला हवं असतं तर तो हातचा स्पिनर त्याने दिला नसता. धातूचा, वजनदार, चांगला फिरणारा स्पिनर सोडून त्याने फाटकं स्क्विशी घेतलं, कारण देवाणघेवाण करणाऱ्या मुलांच्या घोळक्यात त्याला उभं राहायचं होतं. 'तुझ्याकडे काय आहे?' या प्रश्नाला त्याच्याकडे एकदा तरी उत्तर हवं होतं. मुलांच्या त्या बाजारात ही खेळणी चलनासारखी वापरली जातात, आणि तुमचा मुलगा तिथे खिसा रिकामा घेऊन जातोय.

आणि त्या दुसऱ्या आईच्या मुलाला घोळका नकोच आहे. त्याला हातात काहीतरी हवंय, म्हणजे फळ्यावरचं वाक्य संपेपर्यंत बसता येईल. बहुधा त्याला ती वस्तू कुणाच्या डोळ्यांवर यायलाही नको असेल.

दोन मुलांच्या दोन गरजा एकाच रबरी चौकोनात अडकल्यात, म्हणून दीडशे मेसेज झाले.

अर्जावर सही करू नका असं मी सांगेन. सरसकट बंदी आली तर काय होईल ते डोळ्यांसमोर आणा. त्या एका मुलाला डॉक्टरांचं पत्र आणून सवलत मिळेल. मग वर्गात सदतीस मुलांचे हात रिकामे आणि एकाच्याच हातात खेळणं. पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारेल, 'त्यालाच का?' आणि त्याचं उत्तर त्या पोराला सगळ्यांसमोर द्यावं लागेल. पण कुणी काहीही आणा असं मोकळं सोडलं तरी त्याचीच पंचाईत, कारण त्याची कामाची वस्तू मधल्या सुट्टीत अदलाबदलीला मागितली जाणार. बाजार भरलेला असताना औषधाची बाटलीही विकायला ठेवलीय असंच लोकांना वाटतं.

वस्तूवर बंदी मागण्याऐवजी वागण्याचा नियम मागा. वर्गशिक्षकांना एक साधी चिठ्ठी लिहा, अर्ज नको, सह्या नकोत. तास चालू असताना जे हातात असेल ते आवाज न करणारं असावं, बाकाच्या खाली राहावं आणि डोळे त्याकडे जाऊ नयेत. गेले तर ते दप्तरात. अदलाबदल शाळेत नाही. एवढं पुरे. बहुतेक शिक्षकांना हे स्वतःलाही हवंच असतं, फक्त पालकांकडून कुणीतरी समजूतदार आवाज यावा लागतो. मी तीस वर्षं ग्रुपविना शिकवलं आणि शेवटची काही वर्षं ग्रुपसकट, म्हणून सांगते: दीडशे मेसेजांपेक्षा चार ओळींची चिठ्ठी शिक्षक जास्त नीट वाचतात.

ज्या मुलाला खरी गरज आहे त्याच्यासाठी खुळाशी संबंध नसलेले उपायही असतात, आणि शाळेला ते सुचवता येतात. खुर्चीच्या पुढच्या दोन पायांना जाड इलॅस्टिकचा पट्टा ताणून बांधला की मूल त्यावर पाय झुलवत बसतं, कुणाला दिसत नाही, आवाज नाही. बाकाच्या खालच्या बाजूला वेल्क्रोची खरबरीत पट्टी चिकटवतात, बोटं तिच्यावर फिरत राहतात. मुठीत मावेल असा मऊ गोळा खिशात चालतो. वह्या वाटायचं, फळा पुसायचं काम त्याला द्यायचं, म्हणजे उठायला हक्काचं निमित्त मिळतं. यातलं काहीही मधल्या सुट्टीत बदलून मिळत नाही. फळा पुसायचं डस्टर कोण कशाला मागेल? मागितलंच तर शिक्षकांची चंगळ आहे.

अंगठ्याचं तेवढं तुम्हालाच निस्तरायला हवं. त्या बाईंना फोन करा. मेसेज नको, मेसेजनेच हे झालंय. लांबण लावू नका, 'मी चिडलेले होते' हे सांगत बसू नका. त्यांना तुमच्या चिडण्याचं काय! 'त्या मेसेजला मी अंगठा दिला, ते चुकलं. तुमच्या मुलासाठी वर्गात काय असलं तर सोयीचं होईल ते सांगाल का? मी बाईंना चिठ्ठी लिहिते आहे, त्यात घालते.' त्या तुटक बोलल्या तर बोलू द्या. फोन ठेवला तरी चिठ्ठी लिहा.

'हल्ली प्रत्येकाच्या मुलाला काही ना काही असतंच' हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीतही खूप ऐकलंय, आणि लपवत नाही, एकदा स्वतः म्हटलंय. असतंच की. काहींना चष्मा असतो. आपण चष्म्याला खूळ म्हणत नाही, कारण तो बदलून घ्यायला कुणी येत नाही.

आता सौद्याचं. समोरच्या मुलाच्या आईला फोन लावायचा मोह होईल, तो आवरा. तिथून दोन आयांचं भांडण सुरू होईल आणि मुलं बाजूला बसून बघतील. त्याला जवळ घेऊन आधी सौदा कसा झाला ते सगळं विचारा. कोण आधी बोललं, स्क्विशी हातात घेऊन पाहिलं होतं का, चीर आधीपासून होती का, आजूबाजूला कोण उभं होतं, 'देऊन टाक' असं कोण म्हणालं. हे विचारताना चेहऱ्यावर 'मी सांगितलं होतं ना' येऊ देऊ नका. मुलं सौद्याच्या बारीक गोष्टी फार तपशिलात सांगतात आणि सांगता सांगता कुठे फसलो ते त्यांचं त्यांना सापडतं.

मग एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगा: स्क्विशी फाटलं ते त्याचं नशीब, पण स्पिनर त्याचा नव्हताच. जी वस्तू आपली नाही तिचा सौदा होत नाही, म्हणून तो मोडायला हरकत नाही. हे त्याने त्या मुलाला जाऊन सांगायचं. 'माझा नव्हता, मावसभावाचा होता, मला द्यायचा हक्क नव्हता, बदल्यात तुझ्या स्क्विशीचं मी भरून देतो.' नऊ वर्षांच्या मुलाला हे अवघड आहे, पण जमतं. आरशासमोर दोनदा म्हणून घेऊ द्या. नाहीच ऐकलं त्याने, तर वर्गशिक्षकांकडे जायचं, तेही मुलाने, तुम्ही दारापर्यंत सोबत. आणि मावसभावाला फोन मुलानेच करायचा. तुम्ही बहिणीला आधी फोन करून 'अगं, ओरडू नकोस त्याला' असं सांगून ठेवू नका. जरा ओरडू दे.

हे सगळं झालं की, त्याआधी नाही, त्याला एक खेळणं घेऊ द्या. एकच, त्याच्या साठवलेल्या पैशांतून, त्याने निवडलेलं. तुमच्या 'नाही'ला मी दोष देत नाही, पण त्या घोळक्यापासून त्याला कायमचं लांब ठेवून काही साधणार नाही. बाजार महिन्या-दोन महिन्यांत उठणार आहे, तोवर त्याच्याही हातात काहीतरी असू दे. यजमानांना मात्र आवरा. त्यांनी पाच आणले तर मुलगा त्या बाजारातला सावकार होईल, ते आणखी वाईट.

घेताना धाकटीची आठवण ठेवा, इथे मी थट्टा करणार नाही. दिवे लागणाऱ्या स्पिनरमध्ये बटणाएवढी चपटी बॅटरी असते. लहान मुलाने ती गिळली तर अन्ननलिकेत दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. छोट्या, जोरदार चुंबकांच्या गोळ्या तर घरात आणूच नका: दोन गिळल्या गेल्या की आतड्याच्या दोन वळणांतून एकमेकींना चिकटतात आणि मधली भिंत चिरडते. बॅटरी किंवा चुंबक गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवायच्या भानगडीत न पडता थेट दवाखाना गाठा. स्पिनरच्या टोप्या आणि बेअरिंग निघत नाहीत ना, ते स्वतः ओढून बघा. आणि जेलचा गोळा आणखी मऊ व्हावा म्हणून मायक्रोवेव्हमध्ये टाकायचा नाही हे दोघांनाही, म्हणजे मुलाला आणि बाबांना, बजावून सांगा. आतलं गरम जेल फुटून अंगावर उडालं की वाईट भाजतं.

लिहिता लिहिता दारावर थाप पडली. शेजारची आहे. चार दिवस आज संपले, हे तिच्या लक्षात होतं, माझ्या नव्हतं. उंबऱ्यातच उभी राहून तिने पॉप-इट दोन्ही बाजूंनी दाबून पाहिलं, ओठांतल्या ओठांत एकोणपन्नासपर्यंत मोजलं, आणि विचारलं, 'तुम्हाला हवं असेल तर आणखी एक दिवस देऊ? मला आता गोळा मिळालाय.'